चिंबोरीला तीन चौकटी

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांवर, गटाच्या बैठकीत किंवा चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या ताया, मावश्या, आज्या, सगळ्यांना आमचा रामराम.

आज आम्ही मुलांच्या शब्दांबद्दल बोलणार आहोत. पुस्तकातले शब्द मुलांच्या तोंडी कसे बसावेत, याबद्दल. पण हा विषय आमच्याकडे आला तो पैशाच्या वाटेने. कशेळ्याच्या बाजूच्या एका गटाने विचारलं होतं. वाडीवर एक विक्रेता येऊन गेला, त्याने मुलांसाठी टॅब दाखवला. यात शब्दांचे खेळ आहेत, खेळता खेळता पोर मराठी-इंग्रजी दोन्ही शिकतं, असं म्हणाला. किंमत बारा हजार. एकदम नसतील तर गटातून कर्ज उचला, महिन्याला हजार फेडा. चौघी लगेच तयार झाल्या. दोघी म्हणाल्या, थांबा, आधी रेडिओवर विचारू.

आता आम्ही काही कॉम्प्युटरचे मास्तर नाही. पण विचारलंच आहे तर शोधायला बसलो, आणि पहिली गोष्ट कळली ती ही की, विक्रेत्याने ‘एकदम नवीन’ म्हणून दाखवलेला खेळ चांगला पंचेचाळीस वर्षांहून जुना आहे. टॅब नवा, आतला खेळ जुना. तेव्हा तो जुना खेळ कसा होता ते आधी ऐका. बारा हजारांचं नंतर बोलू.

१९७८ साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने लाल-नारिंगी रंगाचं एक खेळणं बाजारात आणलं. नाव ‘स्पीक अँड स्पेल’. बोल आणि स्पेलिंग सांग. एखाद्या पाटीएवढं, वर उचलायला मूठ, खाली ए-बी-सी-डीची बटणं. त्यात टेप नव्हती, तबकडी नव्हती. एका चिपमधून माणसासारखा आवाज यायचा, आणि ते तेव्हा फार मोठं नवल होतं. यंत्र म्हणायचं, अमुक शब्दाचं स्पेलिंग कर. पोराने बटणं दाबायची. बरोबर आलं तर शाबासकी. चुकलं तर यंत्र म्हणायचं, चुकलं, पुन्हा कर. दुसऱ्यांदाही चुकलं तर स्वतःच बरोबर अक्षरं एकेक करून म्हणून दाखवायचं आणि पुढच्या शब्दाला लागायचं. असे दहा शब्द झाले की किती बरोबर, किती चूक, ते सांगायचं. किंमत पन्नास डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने चारशे रुपयांच्या आसपास. तेव्हा आपल्याकडे चारशे रुपयांत घरात काय काय आलं असतं, ते आज्यांना विचारा.

त्यानंतर दोन-चार वर्षांतच घरी ठेवायचे छोटे कॉम्प्युटर आले. त्यांना स्वतःचा पडदा नसायचा, घरच्या टीव्हीला जोडायचे. १९८२ साली इंग्लंडमध्ये ‘स्पेक्ट्रम’ नावाचा असा कॉम्प्युटर निघाला. पुढे भारतातही तो बनवून विकला गेला. त्याचे खेळ कॅसेटवर यायचे, आपण ज्यावर भक्तिगीतं आणि कोळीगीतं ऐकायचो त्याच कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की कर्रर्र-चीं असा कान किटवणारा आवाज यायचा, पाच-पाच मिनिटं चालायचा, आणि मग टीव्हीवर खेळ उमटायचा. म्हणजे खेळ हा आवाजच होता! म्हणून हॉलंडच्या आणि इंग्लंडच्या रेडिओने त्या काळात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम चक्क रेडिओवरून सोडले. लोक घरी ते टेप करायचे आणि कॉम्प्युटरला भरवायचे. आम्हा रेडिओवाल्यांना ही गोष्ट भलतीच आवडली, म्हणून सांगितली. पुढच्या मुद्द्याशी तिचा संबंध नाही.

आपल्या देशात सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी कॉम्प्युटरची एक योजना काढली. इंग्लंडच्या बीबीसीच्या नावाचा कॉम्प्युटर आणला आणि पहिल्या वर्षी २५० शाळांत बसवला. अख्ख्या देशात २५०. वाडीवरच्या शाळेत तो येण्याचा प्रश्नच नव्हता. कॉम्प्युटर राहू द्या, तो लावायला वीज तरी हवी. आपल्याच खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. डोंगरावरचं पाणी आपलं, ते पडतं आपल्याकडे, आणि वीज तारांवरून गेली मुंबईच्या गिरण्यांना. घाटाखालच्या किती वाड्यांनी त्यानंतर किती वर्षं रॉकेलच्या चिमणीवर काढली, ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

असो. तर हे खेळ आपल्यापर्यंत आले नाहीत. नव्वदीत टीव्हीला जोडायचे कीबोर्डवाले स्वस्त खेळ बाजारात दिसायला लागले, पण त्यात पोरांनी गाड्या पळवल्या आणि गोळ्या झाडल्या, शब्द कोण शिकतंय! तरीही या जुन्या शब्दखेळांत शिकण्यासारखं काय होतं ते पाहिलं पाहिजे. कारण तेवढंच आपल्याला हवंय, यंत्र नकोय.

एक तर ते यंत्र चिडत नाही. पोर दहा वेळा चुकलं तरी त्याच आवाजात म्हणतं, पुन्हा कर. सगळ्या वर्गासमोर उभं करत नाही, ‘एवढंही येत नाही?’ म्हणत नाही. आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. वही मास्तरांकडे गेली, आठ दिवसांनी लाल फुल्या मारून आली, तोवर पोराला आपण काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. इथे चूक केली त्याच क्षणी कळलं आणि दुरुस्तही झालं. शब्द डोक्यात राहतो तो अशानेच. आपण आठवायचा प्रयत्न करतो, चुकतो, लगेच बरोबर ऐकतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच शब्द समोर येतो.

आता हे खेळ बनवले कोणी? आम्हाला वाटलं, चष्मेवाले इंजिनिअर असतील. यंत्रं त्यांनीच बनवली. पण शब्दांचे चांगले खेळ बघायला गेलं तर मागे बायका निघाल्या, आणि त्याही शिकवणाऱ्या बायका. कॅलिफोर्नियात जॅन डेव्हिडसन नावाच्या एक शिक्षिका होत्या. शाळा सुटल्यावर मुलांची शिकवणी घ्यायच्या. कॉम्प्युटर आणला तर त्यावर मुलांच्या उपयोगाचं काही मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच खेळ तयार करवून घेतले आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. भांडवल कुठून आणलं? स्वतःच्या मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. बचत गटातल्या बाईला यातली धडधड समजेल.

त्यांच्या एका खेळाचं नाव होतं ‘वर्ड अटॅक’. आधी शब्द दाखवायचा, त्याचा अर्थ आणि वाक्य दाखवायचं. मग चार अर्थांतून बरोबर कोणता ते ओळखायचं. मग वाक्यातली गाळलेली जागा भरायची. शेवटी धावत-पळत नेम धरून योग्य शब्द टिपायचा. पोरं त्या शेवटच्या खेळासाठीच आधीचं सगळं करायची. पण आम्हाला महत्त्वाची वाटली ती दुसरीच सोय. त्या खेळात आईला किंवा शिक्षकाला आपले स्वतःचे शब्द भरता येत होते. कंपनीने दिलेले शब्द नको असतील तर आपल्या धड्यातले, आपल्या घरातले घाला. त्या काळातल्या एवढ्याशा यंत्रात ही सोय ठेवावी असं एका शिक्षिकेलाच सुचणार.

दुसऱ्या बाई अ‍ॅन मॅकॉर्मिक. यांच्यावर आम्ही जरा जास्त थांबणार आहोत. १९८० मध्ये त्यांनी ‘लर्निंग कंपनी’ सुरू केली. तिचा ‘रीडर रॅबिट’ म्हणजे वाचणारा ससा हा खेळ जगभर गेला, तो लेस्ली ग्रिम या बाईंनी रचलेला. पण त्याआधी, १९७३ मध्ये, अ‍ॅनबाईंनी विद्यापीठात एक अभ्यास केला होता आणि त्याचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नव्हता. ओकलंड नावाच्या शहरातल्या पहिलीच्या वर्गांत त्या जाऊन बसल्या. दोनशेच्या वर मुलं, सगळी काळ्या समाजातली. त्यांच्या घरची इंग्रजी वेगळी, पुस्तकातली वेगळी. शिक्षक ही तफावत कशी हाताळतात, ते बाईंनी पाहिलं. काही शिक्षक मुलाला दर वाक्याला अडवायचे. असं नाही, तसं म्हण. मूल धडा वाचतंय, अर्थ बरोबर कळलाय, पण तोंडातून घरचा उच्चार आला की थांबवलंच. या वर्गांतली मुलं वाचनात सगळ्यांत मागे राहिली. आणि गंमत अशी की त्यांची घरची बोली काही सुटली नाही, उलट घट्ट झाली. काही मुलं तर बोलायचीच बंद झाली. दुसरीकडे, ज्या शिक्षकांनी मुलांचं बोलणं ऐकून घेतलं, त्यांच्याच लयीत, हसतखेळत वाचून घेतलं, त्यांची मुलं वाचनात सगळ्यांत पुढे गेली.

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हे ओकलंडचं आहे की आपल्या वाडीचं?

आपल्याकडे घराघरांत कातकरी बोली आहे, ठाकरी आहे, आगरी आहे. कातकरी समाज तर महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत मोडतो, आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत त्यांच्या वाड्या किती आहेत ते तुम्ही जाणता. या घरांतलं सहा वर्षांचं पोर शाळेत जातं तेव्हा ते मुकं नसतं. त्याला शेकड्याने शब्द येत असतात. समजा पुस्तकात चित्र आहे खेकड्याचं. पोर म्हणतं, चिंबोरी. वर्गात सांगितलं जातं, चूक, खेकडा म्हण. आता सांगा, चुकलं काय? ज्या पोराने ओहोळात हात घालून चिंबोरी पकडलीय, नांगीने बोट चावून घेतलंय, त्याच्यापेक्षा खेकडा जास्त कोणाला कळतो? त्याला खेकडा हा शब्द दिलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. परीक्षा त्याच शब्दात होणार, पुढे कागदपत्रं त्याच भाषेत येणार. पण चिंबोरी हिसकावून खेकडा देणं वेगळं, आणि चिंबोरीच्या शेजारी खेकडा ठेवणं वेगळं.

काही शब्दांना तर पुस्तकात जोडच नाही. वलगण घ्या. पहिल्या पावसात मासे उलटे ओहोळावर चढतात, त्याला पुस्तकी भाषेत अख्खं वाक्य लागतं. इरल्याला छत्री म्हणता येत नाही, रेनकोटही म्हणता येत नाही. शेवळं आली की त्यात काकडं घालायची, नाहीतर घसा खाजतो, ही सगळी विद्या त्या दोन शब्दांत बसलेली आहे. राब भाजायचा, त्यावर भाताचं रोप करायचं. हे पोराला पाठ असतं, पण धड्यात ‘रोपवाटिका’ आलं की तेच पोर तोंडाकडे बघत बसतं, कारण रोपवाटिका म्हणजे आपल्या राबावरची रोपंच, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. चौथी-पाचवीपर्यंत असे शंभरभर शब्द अंधारात राहिले की पुढे विज्ञान, भूगोल काहीच लागत नाही. मग ते पोर ‘अभ्यासात कच्चं’ ठरतं. मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरीच बसते. आम्हाला काळजी आहे ती या अंधाराची. टॅबची नाही.

त्यातून आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. म्हणजे वाडीवरच्या पोराला घरचा शब्द, पुस्तकाचा शब्द आणि इंग्रजी शब्द, अशा तीन चुली सांभाळाव्या लागतात.

हे काम यंत्राशिवाय होतं का? होतं, आणि महाराष्ट्रात ते बायकांनीच करून दाखवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांच्या शाळा चालवल्या. मॉन्टेसरीची परदेशी साधनं महाग होती. त्यांनी बिया, पानं, शिंपले, काड्या, दोऱ्या घेतल्या आणि त्यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली. आजची अंगणवाडी त्यातूनच आली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे महागडी वस्तू समोर आली की तिच्या आतली युक्ती काढून घ्यायची आणि वस्तू बाजूला ठेवायची, हा आपल्याकडचा जुना रस्ता आहे.

त्याच रस्त्याने आम्ही दोन-तीन खेळ करून पाहिले. आता ते सांगतो. जमल्यास कोणीतरी खडू घ्या.

पहिला खेळ शब्द ओळखण्याचा. इंग्रजीत हा फार जुना आहे, कॉम्प्युटरवरही सगळ्यांत आधी आलेल्यांपैकी. शब्दात जितकी अक्षरं तितक्या रेघा काढायच्या, समोरच्याने एकेक अक्षर सांगायचं, चुकलं की फासावरच्या माणसाचा एकेक अवयव काढत जायचं. फासबिस आपल्याला नको. आपण आधी भाताच्या सात पेंढ्या काढायच्या आणि चुकलं की एक पेंढी पुसायची. गाय खाऊन गेली म्हणायचं.

पण मराठीत एक अडचण येते. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. आपल्याकडे बाराखडी! नुसत्या ‘क’चेच का, कि, की, कु असे बारा. पोर अंदाज लावून लावून थकेल आणि गाय सगळं भात खाऊन जाईल. त्या जुन्या कॉम्प्युटरांची हीच गोची होती. त्यात आपली लिपी नव्हतीच. वेलांटी कधी अक्षराच्या आधी, कधी नंतर, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, जोडाक्षरं एकमेकांच्या खांद्यावर. हे यंत्राला शिकवायला कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर १९८८ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये लोकांनी बरीच वर्षं घालवली. आज फोनवर मराठी उमटतं ती त्यांची मेहनत.

आपण खडूने सोपी वाट काढली. शब्द दोन फेऱ्यांत ओळखायचा. समजा मनात धरलं चिंबोरी. तीन चौकटी काढा. पहिल्या फेरीत फक्त मूळ अक्षरं विचारायची. कोणी म्हणेल ‘क’. नाही, पेंढी गेली. कोणी म्हणेल ‘र’. आहे, तिसऱ्या चौकटीत लिहा. ‘ब’, ‘च’ करत करत फळ्यावर उभं राहतं ‘च ब र’. पोरं मोठ्याने वाचतात, चबर! आणि हसून लोळतात. मग दुसरी फेरी, काना-मात्रा-वेलांटीची. च ला काय? काना? चाबर? नाही. वेलांटी? आहे. वर टिंब आहे का? आहे. इथे कोणीतरी ओरडतंच, चिंबोरी! ओरडणारं पोर बहुधा तेच असतं जे वर्गात तोंड उघडत नाही. लगेच विचारायचं, पुस्तकात हिला काय म्हणतात? आणि शेजारी दोन-तीन नव्या चौकटी. खे-क-डा. मोठ्या मुलांसाठी जोडाक्षर एकाच चौकटीत धरायचं. प-र्ज-न्य, तीन चौकटी. पर्जन्य म्हणजे आपला पाऊसच, हे कळल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, ‘मग पाऊस लिहायला काय झालं होतं?’ बरोबर विचारलं त्याने. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा खेळ त्या वाचणाऱ्या सशाकडून उचललाय. त्यात शब्दांची आगगाडी होती. प्रत्येक डबा म्हणजे एक शब्द, आणि पुढच्या डब्यात एकच अक्षर बदलायचं. कर्जतच्या पोरांना आगगाडी शिकवायला नको. आम्ही काप पासून सुटलो. काप, कान, पान, पाट, वाट, वात, रात, आणि शेवटचं स्टेशन राब. दर डब्याला त्या शब्दाचं एक वाक्य करायचं, नाहीतर गाडी सिग्नलला उभी. तुम्ही म्हणाल, ही तर आपली भेंड्यांचीच बहीण. आहेच. ज्या बायका गाण्यांच्या भेंड्या रात्रभर चालवतात, उखाण्यात नाव घेताना यमक जुळवतात, त्यांना शब्दखेळ शिकवायला परदेशातून कोणी यायला नको.

तिसरं म्हणजे डबे. पोराला चुकलेला शब्द पुन्हा पुन्हा समोर आला पाहिजे, आणि आलेला शब्द थोड्या थोड्या दिवसांनी. जर्मनीत लाइटनर नावाच्या लेखकाने १९७२ मध्ये यासाठी खोक्याची पद्धत पुस्तकातून सांगितली. आपल्याला बिस्किटांचे तीन रिकामे पुडे पुरतात. लग्नपत्रिका कापून कार्डं करा. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचा. इंग्रजी हवा असेल तर खाली कोपऱ्यात तो लिहा. सगळी कार्डं पहिल्या पुड्यात. त्यातली रोज विचारायची. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या पुड्यात, ते दोन दिवसांआड. तिथेही आलं की तिसऱ्यात, ते बाजाराच्या दिवशी, आठवड्यातून एकदा. चुकलं की थेट पहिल्या पुड्यात परत. पोरं कार्ड तिसऱ्या पुड्यात पोचवायला जिवाचं रान करतात. दिवसाला पाच नवी कार्डं पुष्कळ झाली. पन्नास नका करू, आईचाच उत्साह आठ दिवसांत संपतो.

आता एक प्रश्न दर बैठकीत येतो. आम्हाला वाचता येत नाही, आम्ही कसं विचारणार? बाई, घरचा शब्द तुझ्याकडेच आहे ना. कार्डावर लिहायचं काम सहावी-सातवीतल्या मुलीला द्या. घरच्या शब्दाच्या बाजूला एक छोटं चित्र काढा, किंवा भाजी असेल तर तिचं सुकलेलं पान चिकटवा. टाकळा, कुर्डू, भारंगी, तुम्ही पानावरून ओळखाल. तुम्ही म्हणायचं ‘कुर्डू’, पोराने लिहून दाखवायचं. बरोबर की चूक हे कार्ड उलटून त्याचं तोच बघेल. त्या लाल खेळण्यात आवाज घालायला केवढा खटाटोप करावा लागला, इथे आवाज तुमचा. फक्त त्या यंत्राकडून एक घ्या, चुकलं तर आवाज चढवायचा नाही. एवढंच अवघड आहे, आम्हालाही अवघड जातं. भात शिजतंय, धाकटं रडतंय आणि पोर तिसऱ्यांदा खेकड्याला मात्रा द्यायला विसरतंय.

आता बारा हजार.

गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना धरा. बारा हजार उचलले, महिन्याला हजार मुद्दल फेडली, तर पहिल्या महिन्याचं व्याज २४० रुपये, दुसऱ्याचं २२०, असं उतरत उतरत वर्षाचं व्याज होतं १५६०. म्हणजे टॅब पडला १३,५६० ला. व्याज गटातच राहतं हे खरं, पण बारा हजार गटाबाहेर गेले. त्या वर्षी कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाला बियाणं घ्यायचं झालं, तर पेटीत काय आहे ते बघून ठरवा. टॅब वाईटच असतो असं आमचं म्हणणं नाही. गटातल्या सगळ्यांनी मिळून एक घेतला, समाजमंदिरात ठेवला, तर गोष्ट वेगळी. पण घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा. यात आमचा शब्द घालता येतो का? आत्ता, आमच्यासमोर ‘वलगण’ घालून दाखव. नेट बंद करून खेळ चालतो का? आमच्या वाडीवर रेंज त्या वरच्या आंब्यापाशी मिळते. आणि एक वर्षाने पुन्हा पैसे भरावे लागतात का, ते कागदावर लिहून दे. जॅनबाईंनी आपले शब्द घालायची सोय तेव्हाच्या त्या इवल्याशा यंत्रात दिली होती. आजच्या टॅबला ती जमत नसेल तर तो कसला हुशार!

घरात स्मार्टफोन असेलच तर आधी फुकटचं वापरा. बालभारतीच्या पुस्तकांतल्या धड्यांवर ते काळे-पांढरे चौकोनी ठिपके असतात ना, क्यूआर कोड, ते सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने उघडतात. २०१७ पासून ते आहे, पैसे पडत नाहीत. शाळेतल्या बाईंना सांगा, एकदा लावून देतील. रात्री अर्धा तास, आई शेजारी बसून. पोराच्या हातात फोन देऊन आपण भाकऱ्या थापायला गेलो की पाचव्या मिनिटाला दीक्षा बंद आणि व्हिडिओ चालू, हे आम्ही सांगायला नको.

आता दिवाळी होईल, आणि वीटभट्टीवर जाणारी घरं बिऱ्हाड बांधायला घेतील. पाऊस तोंडावर येईपर्यंत पोरं शाळेपासून तुटतात. शक्यतो पोराला मागे ठेवा, आजीजवळ, नातेवाइकांकडे, वसतिगृहात. शाळेशी आधी बोला. पण न्यावंच लागलं, तर ते बिस्किटांचे पुडे तव्या-पातेल्यांबरोबर बांधून न्या. ते भिजत नाहीत ना एवढं बघा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. त्यांना चार्जिंग लागत नाही, भट्टीवरच्या दिव्याखाली चालतात. जाण्याआधी शाळेतल्या बाईंकडून पुढच्या पाच धड्यांतले अवघड शब्द लिहून घ्या, त्यांची कार्डं करा. तिथे भेटलेल्या दुसऱ्या तालुक्यातल्या मुलांनाही खेळायला घ्या. त्यांच्या बोलीत चिंबोरीला काय म्हणतात ते विचारा आणि त्याच कार्डावर लिहून आणा.

आम्हीही अशी कार्डं जमवतोय. तुमच्या वाडीतले दहा शब्द, जे पुस्तकात नाहीत, गटाच्या बैठकीत काढा. भाजीचे, माशांचे, भाताच्या जातींचे, पावसाच्या तऱ्हांचे, कोणतेही. लिहिणारं कोणी नसेल तर फोनवर बोलून पाठवा, आम्ही लिहून घेऊ. पुढच्या भागात ते शब्द त्या त्या वाडीच्या नावासह वाचून दाखवू. तोवर नमस्कार.